तीन मुले, तिन्ही हयात

मी, कुंदाबाई जीवराम भंगाळे, वय वर्षे एकाहत्तर, राहणार मौजे निंबखेडी, तालुका यावल, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत असताना, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नव्हे, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवते. धंद्यापुढे वकिलांनी ‘घरकाम’ लिहिले होते. ते मी ‘शेती व घरकाम’ असे करायला लावले. केळीच्या बागेत जन्म गेला आणि कागदावर फक्त चूल यावी, हे मला पटले नाही.

हा मजकूर मी सांगितला, ॲड. योगेंद्र सुरवाडे यांनी लिहिला आणि मी चष्मा लावून पुन्हा वाचला. मी जुनी मॅट्रिक आहे. ‘यातले निम्मे कायद्यात बसत नाही’ असे वकील दोनदा म्हणाले. जे कायद्यात बसते तेवढेच माझ्या आयुष्यात घडले असते तर कागद छोटा झाला असता, असे मी त्यांना सांगितले. मग ते लिहू लागले.

१. माझे मन स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कसा मिळाला हेही लिहिते, म्हणजे उद्या कोणी ‘म्हातारी भ्रमली होती’ म्हणाले तर उपयोगी पडेल. मला पोटाचा कॅन्सर आहे आणि तो आता आटोक्यात येणार नाही. जळगावच्या डॉक्टरांनी मला वार विचारला, सांगितला. गाव, तालुका विचारला, सांगितला. मग म्हणाले, ‘आजी, मुलं किती?’ मी म्हणाले, तीन. खुर्चीमागे माझा मोठा मुलगा हितेंद्र उभा होता, तो हळूच म्हणाला, ‘दोन.’ डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. माझी सगळी परीक्षा तिथे अडली. मी म्हणाले, ‘साहेब, बाळंतपणं माझी झाली की याची?’ डॉक्टर हसले आणि त्यांनी दाखल्यावर सही केली. हितेंद्र हसला नाही.

२. माझे वारस तीन. थोरला हितेंद्र, राहणार निंबखेडी, शेती सांभाळतो. मधला चंदन, राहणार धुळे, औषधांचे दुकान. धाकटी सौ. मोहिनी संघपाल तायडे, राहणार भुसावळ, शिक्षिका. तिन्ही हयात आहेत. ‘हयात’ हा शब्द वकिलांनी गाळला होता, कारण वारस म्हटले की हयात हे आलेच. मी तो मुद्दाम घालायला लावला. आमच्या घरात ते आलेच असे नाही.

३. माझे पती कै. जीवराम यांना गाव भाऊ म्हणत असे. केळीच्या वाफ्यावर, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात, जिकडे तिकडे भाऊ. त्यांनाही माणसाला मान द्यायचा कसा हे चांगले ठाऊक होते. व्यापाऱ्याला शेठ म्हणत, तलाठ्याला साहेब म्हणत, आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून त्याला ‘राजा’ म्हणत. मला ‘ए’ म्हणत. लग्न झाल्यापासून ते जाईपर्यंत माझे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकले नाही. मोहिनी कॉलेजात पहिली आली त्या दिवशी ते म्हणाले, ‘बरं झालं,’ आणि पाण्याच्या पाळीवर निघून गेले. ‘शहाणी माझी पोर’ एवढे म्हणायला जीभ झिजली नसती.

मोहिनीने तिच्याबरोबर शिकलेल्या संघपाल तायडे यांच्याशी लग्न केले. तायडे बौद्ध, आम्ही लेवा पाटील. मुलगा सुशिक्षित, रेल्वेत नोकरी, तोंडात सुपारीचे खांडही नाही. आपल्यातला असता तर याच भाऊंनी जळगावहून बँड आणला असता.

त्यांनी काय केले हे गावाला माहीत आहे, पण सरकारी कागदावर कुठेच नाही, म्हणून इथे लिहिते. त्यांनी यावलला जाऊन मोहिनीच्या नावाचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स करून आणला आणि बसथांब्यापाशी लावला. रुपचंद फ्लेक्सवाल्याकडे मजकूर तयारच असतो, त्यात फक्त नाव आणि फोटो बदलायचा. त्यामुळे वर ‘कै.’, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि मध्ये ‘प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांची लाडकी’. बापाने जन्मात न वापरलेले शब्द, पोर मारून टाकताना वापरले. फोटो कॉलेजच्या निरोपाच्या दिवशीचा, माझी मोरपंखी साडी नेसलेली. शोकाकुल म्हणून खाली माझेही नाव होते. मला कोणी विचारले नव्हते.

माझा भाऊ मगन तेव्हा पारोळ्याला बाजार समितीत नोकरीला होता. त्याने त्या फ्लेक्सचा फोटो फोनवर पाहिला आणि तो खरेच समजून रडत रडत दारात आला. मी त्याच्या कानाशी म्हणाले, ‘जिती हाये. चहा घे.’ तो चहा घेताना आणखी रडला. तिसऱ्या दिवशी दारावर बसायला आलेल्या बायकांतून शेजारच्या यशोदाबाई सपकाळे उठल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी घरात मांडलेल्या मोहिनीच्या फोटोवरचा हार काढला. ‘जित्या पोरीले कोनी हार घालते का?’ एवढेच म्हणाल्या. भाऊंना असे तोंडावर बोललेले माणूस मी तेवढे एकच पाहिले.

पुढे तो फ्लेक्स गुरांच्या चाऱ्यावर झाकायला आला. चांगले जाड प्लास्टिक, वाया कशाला घालवायचे. रोज चारा काढायला गेले की माझ्या लेकीचे तोंड वर. वर्षभराने मी तो काढला, धुतला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला. तो माझ्या चितेवर माझ्याखाली ठेवावा. वास येईल. येऊ दे.

४. माझ्या वडिलांनी मला चोळी-बांगडीसाठी दिलेली दीड एकर जमीन मोहिनीला द्यावी. ही जमीन मुळातच लेकीची म्हणून आलेली आहे, ती लेकीकडे जाते. तिच्यावर भंगाळ्यांचा कधी हक्क नव्हता. विहिरीचे पाणी तिघांत सामाईक राहील. पाण्यावरून भांडलात तर मी वर बसून शिव्या देईन, आणि माझ्या शिव्या कशा असतात हे तिघांनाही माहीत आहे.

५. माझ्या पाटल्या चंदनच्या बायकोला, गळ्यातली एकदाणी हितेंद्रच्या बायकोला, कानातले नात प्रज्ञाला. प्रज्ञा ही मोहिनीची मुलगी. हितेंद्रची मुलगी भाविका हिला शिलाई मशीन आणि माझी पुस्तके. भाविका, तुझ्या लग्नाच्या काळजीने या घरात बऱ्याच गोष्टी होता होता राहिल्या आहेत. तुझा त्यात काही दोष नाही. पण एवढे ध्यानात ठेव की तुझ्या नावाखाली दुसऱ्याला गप्प बसवले जाते.

भरीत ठेचायची लाकडी बडजी मोहिनीला. सुनांना मिक्सर बरा वाटतो, त्यांच्यावर राग नाही. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचे देणे भागवून उरेल ते तिघांत सारखे.

६. श्रीमती भागाबाई मोतीलाल तायडे या माझ्या विहीणबाई. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होत नाही.

प्रज्ञा झाली तेव्हा त्या भुसावळहून बस बदलून पेढे घेऊन आमच्या दारी आल्या. पहिले बाळंतपण माहेरी व्हायची रीत, ते नाही तर निदान माहेरी निरोप तरी जावा, एवढा त्यांचा विचार. भाऊ ओट्यावर खाटेवर बसले होते. भागाबाई पायरीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘नाना, तुमची लेक सुखरूप हाये. तुम्हाले नात झाली.’

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. हितेंद्रला म्हणाले, ‘तिले सांग, आमच्या घरी लेक नही.’

समोर उभ्या बाईला दुसऱ्याच्या तोंडून निरोप. मी दारात होते. भागाबाईंनी आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणले नाही. पेढ्याचा पुडा ओट्याच्या कडेला ठेवला, माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘अक्का, पोरीची काळजी करू नका. मी हाये तिथं.’ पुन्हा भाऊंना हात जोडले, ‘येते, नाना,’ म्हणाल्या आणि बसथांब्याकडे चालत गेल्या. ज्या माणसाने त्यांना कुत्र्यासारखे हाकलले त्याला त्या दोनदा नाना म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा मनापासून म्हणाल्या. मी पुष्कळ भाषणे ऐकली, पुष्कळ सत्कार पाहिले. मान म्हणजे काय ते मला त्या दिवशी पायरीखाली दिसले.

पुढे भाऊ गेल्यावर मी एकटी भुसावळला त्यांच्या घरी गेले. संकोचाने जमिनीवर बसत होते. भागाबाई म्हणाल्या, ‘अक्का, वर बसा. विहीण पहिल्यांदा दारी आली, खाली बसते का?’ आणि जावई आत जाऊन स्वतः पाणी घेऊन आले. माझ्या लग्नानंतर मला पाण्याचा पेला पुरुषाच्या हातून मिळाला तो तिथे.

विहिणीचा मान म्हणून एक साडी आणि ओटीचे सामान मी आणून ठेवले आहे. सही करायच्या दिवशी ते मी माझ्या हाताने देणार आहे, म्हणून ते या मिळकतीत धरू नये.

७. माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत. भाऊंच्या वेळी स्मशानात पाच जण बोलले. एक जण म्हणाला, ‘भाऊंनी लेकीबाळींचा सन्मान कसा करावा हे तालुक्याला शिकवलं.’ त्या वेळी मोहिनी रस्त्यापलीकडे केळीच्या ट्रकाआड उभी होती. बापाचे तोंड बघायला आली होती, कोणी पुढे येऊ दिले नाही. बोलणाऱ्याला ते माहीत होते, ऐकणाऱ्यांनाही माहीत होते. कोणीही खाली मान घातली नाही. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही.

म्हणून माझ्यासाठी ‘माउली’, ‘वात्सल्यमूर्ती’, ‘घराचा आधारवड’ यातले काही छापू नये, बोलू नये. बैल गेला आणि झोपा केला, असे ते होते. ज्याला माझ्याविषयी चार शब्द बरे बोलायचे असतील त्याने मला ऐकू येते आहे तोवर यावे. सकाळी मी ओट्यावर असते, चहा मिळेल. अजून कोणी आलेले नाही, पण सांगून ठेवते.

८. आता माझे खरे म्हणणे. माझे दिवस झाल्यावर सुतक सुटण्याचा जो विधी होतो, त्या गंधमुक्तीला मोहिनीला मूळ लावून आणावे. ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ बहिणीच्या सासरी जातो आणि तिला घेऊन माहेरी येतो, त्याला मूळ लावणे म्हणतात. लेक आपणहून माहेरी आली तर ती पाहुणी, भाऊ आणायला गेला तर ती घरची. मोहिनीला या घरातून एकदाही मूळ गेलेले नाही. गावात सगळ्यांच्या लेकी आखाजीच्या झोक्यावर बसतात आणि मी सांजोऱ्या करते, कुणासाठी ते मलाच ठाऊक.

या वर्षी आखाजीच्या आधी मी हितेंद्रला म्हणाले, ‘माझी ही शेवटची आखाजी. जा, आण तिला.’

तो ताटावर होता. म्हणाला, ‘मेलेल्या माणसाले कोनी मूळ लावते का, आई?’

मी ताट ओढून घेतले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, ‘भाविकाचं लगन व्हायचं हाये. लोकं काय म्हनतीन.’ मग मी ताट परत दिले. तो जेवला नाही.

हितेंद्र वाईट नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. मी ओकले की तोच भांडे धरतो, माझी लुगडी तोच वाळत घालतो, बायकोला हात लावू देत नाही. जळगावला दवाखान्यात सलाईन लागले की मोहिनी भुसावळहून येते. ती यायच्या वेळेला हितेंद्र म्हणतो, ‘मी गोळ्या घेऊन येतो.’ औषधाचे दुकान दवाखान्याच्या तळमजल्यावरच आहे. तरी तो येत नाही, येतच नाही, आणि मोहिनी जिना उतरून गेली की मग वर येतो. एकदा ती रुमाल विसरली. त्याने तो उचलला, घडी घातली आणि माझ्या उशाशी ठेवला. कोणाचा, म्हणून विचारले नाही. फ्लेक्सची दोरी यानेच बांधली होती, बापाच्या हुकमाने. ती गाठ अजून त्याच्या हातातून सुटलेली नाही.

मोहिनीला मी विचारले, ‘घरात तुझा वाटा ठेवू का?’ ती म्हणाली, ‘आई, मला घर नको. मला त्या घरातलं कुणीतरी एकदा “ताई, चल” म्हणू दे.’ धाकटी असली तरी दोघे तिला ताईच म्हणत.

चंदनला फोनवर हेच सांगितले. तो म्हणाला, ‘दादा जाईल तर मी पण जाईन.’ लहानपणी शाळेत जातानाही तो असेच म्हणायचा.

९. निंबखेडी येथील राहते घर, ओटा, मागचा गोठा व मोकळी जागा. ही मिळकत माझ्या नावावर आहे. भाऊंनी जागा घेताना भावांच्या वाटणीत जाऊ नये म्हणून माझ्या नावे केली होती. त्यांनी मला दिलेला तेवढाच मान, आणि तोही हिशेबाने.

या कलमाचा पहिला मसुदा वेगळा होता, तो इथे सांगते. मी वकिलांना लिहायला लावले होते की, जो मुलगा भुसावळला जाऊन सौ. मोहिनीला मूळ लावून आणील, दारात उभा राहून तिला ताई म्हणेल आणि श्री. संघपाल यांना जावई म्हणून वर बसवील, त्यालाच घर मिळेल. कोणीच गेले नाही तर घर विकून पैसे अंगणवाडीला. योगेंद्र वकिलांना ते फार आवडले. ‘आजी, बरोबर केलंत. नाक दाबलं की तोंड उघडतं.’

तोंड उघडेल, यात मला शंका नाही. घरासाठी हितेंद्र भुसावळला जाईल, चंदन त्याच्या आधी पोचायला बघेल. ताई म्हणतील, जावईबापू म्हणतील, भागाबाईंच्या पायाही पडतील. आणि मोहिनी दारात उभी राहून ऐकेल. ती मास्तरीण आहे, पाठ केलेले उत्तर तिला लगेच कळते. बापाने फ्लेक्सवर दुकानातले शब्द लावले, आता मी भावांच्या तोंडी घराच्या बदल्यात शब्द घालायचे. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक तो काय?

चार दिवस मला झोप नाही. पाचव्या दिवशी वकिलांना बोलावले आणि ती अट सगळी काढून टाकायला लावली. ते म्हणाले, ‘आजी, मग कुणी जाणार नाही.’ मी म्हणाले, तेही खरे असेल.

तरी घर पुढीलप्रमाणे देते. सदर घर, गोठा व मोकळी जागा हितेंद्र व चंदन यांना निम्मे निम्मे, कोणत्याही अटीशिवाय. माझे डोळे मिटल्यावर त्यांनी कोणाला आणले किंवा न आणले, कोणाला काय म्हटले किंवा न म्हटले, यावरून त्यांच्या हक्काला काडीचाही बाध येणार नाही. मोहिनीची याला संमती आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे जावई श्री. संघपाल मोतीलाल तायडे यांनी करावी. कागद वाचायला हितेंद्र व चंदन यांना समोर बसवावे आणि सगळा वाचावा, हे कलमही.

१०. हितेंद्र, आता ऐक. घर तुझे झाले. भाऊ नाहीत, त्यांचा धाक नाही. मी नाही, माझा हट्ट नाही. भुसावळला जायला तुझ्यापाशी आता कोणतेच कारण उरलेले नाही. गेलास, तर तू बहिणीकडे गेलास.

हे मृत्युपत्र मी दोन साक्षीदारांसमोर वाचून, समजून सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. साक्षीदाराचे नाते लिहावे लागत नाही, असे वकिलांचे म्हणणे पडले. मी लिहायला लावले.

ठिकाण : यावल
दिनांक : १८ जून २०२५

सही : कुंदाबाई जीवराम भंगाळे

साक्षीदार :

१. यशोदाबाई चिंधा सपकाळे, राहणार निंबखेडी. नाते : शेजारीण. (अंगठा)

२. भागाबाई मोतीलाल तायडे, राहणार भुसावळ. नाते : विहीण. (सही)